सांडव्यातली बारा पोती

सुपडूला उभ्या आयुष्यात शाल मिळाली ती एकदाच, आणि ती त्याने एकदाही अंगावर घेतली नाही. डिंडोलीच्या पुढे, जिथे घरं संपतात आणि ऊस सुरू होतो, तिथल्या सोसायटीच्या मंडळाने त्याचा सत्कार केला होता. शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममध्ये एक फोटो. फोटोत सुपडू छातीभर पाण्यात उभा आहे आणि दात-ओठ खाऊन दोन्ही हातांनी काहीतरी ओढतो आहे. खाली गुजरातीत लिहिलेलं, आमच्या सोसायटीचा राखणदार. कलाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती फ्रेम समोरच्या भिंतीवर ठोकली. त्या दिवसापासून सुपडू जेवायला बसायचा तो त्या भिंतीकडे पाठ करून.

तो नेमकं काय ओढत होता, हे सोसायटीला ठाऊक नव्हतं. लोकांना वाटलं कचरा. खरं काय ते सुपडूला ठाऊक होतं आणि कलाबाईला. नवरा-बायकोत एखादी गोष्ट मुरली की घरात जो एक अबोला शिरतो, तो त्यांच्या घरात शिरला होता.

सुपडू मूळचा शिंदखेड्याकडचा. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला लागला. तीस-बत्तीस वर्षं त्याने ओलं कापड उचललं. रंगाच्या हौदातून निघालेला साड्यांचा ताका किती जड असतो, हे ज्याने उचलला नाही त्याला सांगून कळायचं नाही. शेवटी उजवा खांदा कामातून गेला, मिल सुटली. मुलगा वाल्मिक कापड मार्केटात साड्या कापायच्या कामाला लागलेला होता, त्यामुळे चूल थांबली नाही. पण घरी बसणं सुपडूच्या रक्तात नव्हतं. कोणीतरी सांगितलं, तळावडीवर चौकीदार पाहिजे. हा गेला आणि लागला.

तळावडी म्हणजे छोटा तलाव. वरच्या शेतांतून येणारा एक ओहोळ मातीचा बांध घालून अडवलेला. बांध दोन पुरुष उंच, पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर, पाठीला गवत. तळातून एक पाईप गेलेला, त्याला व्हॉल्व्ह. एका टोकाला बांधापेक्षा खोलगट असा सिमेंटचा सांडवा, म्हणजे पाणी फार चढलं तर त्या वाटेने गुमान निघून जावं. आणि बांधाच्या पायथ्याशी, ओहोळाच्या जुन्या पात्राला चिकटून पत्र्याची चाळीसेक घरं. तिला सगळे खालची लाइन म्हणत.

नोकरीच्या पहिल्या दिवशी पाटबंधारे खात्याची ज्युनियर इंजिनियर आली. वृषाली तिचं नाव, गोडादऱ्याच्या मराठी घरातली पोरगी. तिने पाण्यातल्या पट्टीवरची तांबडी रेघ दाखवली आणि सांगितलं, "काका, पाऊस संपेपर्यंत पाणी या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही. व्हॉल्व्ह कायम उघडा. हा रिकामा ठेवायचा तलाव आहे."

सुपडूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या गावाकडे असल्या बांधात पाणी शिल्लक असणं म्हणजे वर्षभराची प्रतिष्ठा. पावसाळा सरता सरता त्याचा बाप आणि भाऊबंद सांडव्यात मातीची पोती टाकायचे, हातभर पाणी जास्त साठावं म्हणून. ते पोती टाकणं गावात पुण्याचं काम होतं. आणि ही शिकली-सवरलेली पोरगी म्हणते, तलाव रिकामा ठेवा!

"रिकामा ठेवायला तलाव कशाला बांधला, ताई?"

"तपेलं काठोकाठ भरलेलं असताना वरून दूध ओतलं तर?"

"उतू जाईल."

"बास, तेवढंच. वरून एकदम लोंढा आला की तो मावायला जागा पाहिजे. मग पाईपातून तो हळूहळू सोडायचा. आणि हे तपेलं मातीचं आहे, काका. सांडव्यातून पाणी गेलं तर चालेल, बांधाच्या डोक्यावरून जाता कामा नये. माती एकदा धुपायला लागली की हाताने थांबवता येत नाही."

सुपडूने मान हलवली. पटलं नव्हतं, पण नोकरी नोकरी असते. तो रोज पट्टी बघायचा, बांधावरची उंदरांची बिळं बुजवायचा, उगवलेली बाभूळ उपटायचा. त्याच वर्षी आषाढात असा पाऊस पडला की शहराच्या अर्ध्या खाड्या रस्त्यांवर आल्या. सुरतेत पुराला रेल म्हणतात, आणि दोन हजार सहा सालची रेल पाहिलेल्या लोकांनी पटापट सामान माळ्यावर चढवलं. तळावडी दुपारपर्यंत चढली, तांबड्या रेघेच्या वर चार हात गेली, सांडव्यातून थोडी वाहिली आणि दोन दिवसांत पाईपातून रिकामी झाली. खालच्या लाइनीत घोटाभरसुद्धा पाणी शिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी रंभाबाई बांधावर आली. रेल्वेत नोकरीला असलेल्या श्रीपतची ही विधवा, अकोल्याकडची, लाइनीतल्या पहिल्याच घरात एकटी राहायची आणि मशीनवर साड्यांना फॉल लावून आपलं पोट भरायची. सत्तरी जवळ आलेली, पण सुई डोळे बारीक न करता ओवायची. तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. "सुपडूभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या या रिकाम्या तळ्यानं वाचोलं बापा आमाले." सुपडूला त्या दिवशी तलावाचं शास्त्र थोडंसं पटलं. चटणीने जास्त पटलं म्हणा.

हे सगळं चांगलंच चाललं होतं. पण श्रावण आला, आणि श्रावणात खान्देशी माणसाच्या घरी कानबाई येते.

ज्याला कानबाई माहीत नाही त्याच्यासाठी थोडक्यात. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, साडी घालून चौरंगावर देवी मांडायची, रात्रभर गाणी म्हणायची, आणि सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्याला न्यायची. सुरतेतला खान्देशी माणूस दिवाळी एकवेळ साधी करेल, कानबाई नाही. डिंडोलीकडच्या बायकांनी त्या वर्षी ठरवलं, लांब कशाला जायचं, आपल्या सुपडूभाऊच्या तळावडीवरच जाऊ.

गेल्या. आणि तळावडीत घोटाएवढं गढूळ पाणी. व्हॉल्व्ह उघडा, नियमाप्रमाणे. कलाबाई डोक्यावर कानबाई घेऊन चिखलात उतरली, पाय रुतला, चौरंग कलला, नथीची एक बाजू चिखलाने माखली. मागून कोणीतरी फसकन हसलं. कोणीतरी मोबाइल काढला. एक बाई म्हणाली, "नवरा तलावना मालक, आन देवीले आंघोय चिखलनी!" त्या एका वाक्यावर पुढे आठ दिवस अख्खी सोसायटी हसली.

कलाबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "माय कानबाईना पाय बी भिजनात नही," ती रडत म्हणाली. "तुना तो तलाव शे का डबकं?"

सुपडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने गावात भरलेलं पाणी म्हणजे अब्रू असं शिकलेलं, त्याच्या पाण्याला डबकं म्हणावं, आणि तेही त्याच्या बायकोने! तो म्हणाला, "पुढला साल कंबरभर पानी ऱ्हाई. नही ऱ्हायनं ते मनं नाव बदली टाक."

माणूस रागात बोलून जातो आणि विसरतो. सुपडू विसरला नाही, हे त्याचं दुर्दैव.

पुढच्या श्रावणात, कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी, त्याने व्हॉल्व्हचं चाक फिरवून पाईप बंद केला. मग सांडव्याकडे वळला. गावाकडे पोत्यांत माती भरायचे, पण बांधाची माती उकरायची नाही एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. त्याने वाल्मिकला सांगून कापड मार्केटातून चिंधीची बारा पोती मागवली होती, मांडवात बैठकीला पाहिजेत म्हणून. एका रद्द झालेल्या लॉटची चिंधी ती, सगळी पोपटी, काठाला सोनेरी पट्टी. कोरडी असताना एक पोतं काखेत मावेल. पण ओलं कापड किती जड होतं हे सुपडूला कोणी शिकवायची गरज नव्हती. एकावर एक दोन थर रचले, पाण्याने भिजवले, वरून चिखल आणि जलपर्णी पसरली. बघणाऱ्याला सांडवा दिसूच नये. सोमवारी दुपारी देवी बुडाली की पोती काढून टाकायची, तीन दिवसांचा तर प्रश्न. गावाकडच्या बापाची आठवण येऊन त्याला त्या वेळी चक्क बरं वाटलं.

रविवारी संध्याकाळपासून वरच्या अंगाला पाऊस धरला. सुपडूने तो ऐकला. मांडवावर पत्रा होता, पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस वाजत होता, कसा ऐकणार नाही? पण घरात पाहुणे, नैवेद्याचे रोट शिजत होते, बायका गाण्याला बसलेल्या, आणि घरधन्याने उठून जायचं तरी कसं? थोडा पडू दे, त्याने स्वतःला समजावलं, पाणी छान चढेल. ही समजूत पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचली. चुकून झालं असं म्हणायला तिने जागाच ठेवली नाही.

सोमवारी सकाळी पाऊस थांबला आणि मिरवणूक निघाली. दहाच्या सुमारास बायका बांधावर चढल्या आणि एकदम ओरडल्याच. तळावडी काठोकाठ भरली होती. पाणी असं पसरलं होतं की पलीकडचा ऊस त्यात उभा दिसत होता. "औंदा ते समुंदर करी टाकं, सुपडूभाऊ!" ज्या बाईने गेल्या वर्षी चिखलावरून टोमणा मारला होता तीच म्हणाली. कलाबाईने डोक्यावरच्या चौरंगाखालून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नातसुद्धा तिने असं पाहिलं नव्हतं.

आणि त्याच घटकेला सुपडूला दिसलं. बांधाच्या मध्यावर, जिथे लोकांच्या ये-जा करण्याने पायवाट पडून माती दबली होती, तिथून पाण्याची एक वीतभर रुंद पट्टी बांध ओलांडून पलीकडे निघाली होती. आवाज नाही, काही नाही. तो पळत पाठीच्या बाजूला गेला. गवत आडवं झालं होतं, खाली घळ पडायला लागली होती आणि माती ढेकळाढेकळाने सुटत होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती पट्टी वीतभराची हातभर झाली. खाली, लाइनीच्या पहिल्या घराच्या दारातून पाणी आत शिरत होतं.

"मांगे व्हा! बठ्ठा मांगे व्हा!" तो किंचाळला. व्हॉल्व्हचं चाक पाण्याखाली गेलेलं. तो सांडव्याकडे धावला आणि उडी घातली.

जी पोती त्याने शुक्रवारी एकट्याने रचली होती, ती आता जागची हलेनात. मागे तलावभर पाण्याचा रेटा, आत भिजून दगड झालेली चिंधी. सुपडूने नखं रुतवली, खांद्यातून कळ आली तरी सोडलं नाही. पहिलं पोतं फाटलं आणि पोपटी चिंध्यांचा लोट त्याच्या तोंडावरून सांडव्यात गेला. मग दुसरं, मग तिसरं. लाइनीतला धुडकू दोर घेऊन धावत आला, चौघांनी सुपडूला कमरेला बांधून धरलं. काठावर मोबाइल निघाले. "कचरा अडकना, सुपडूभाऊ कचरा काढी ऱ्हायना!" कोणीतरी ओरडलं, आणि ते नाव त्या गोष्टीला कायमचं चिकटलं. बारावं पोतं सुटलं तेव्हा सांडवा गर्जत वाहायला लागला, आणि अर्ध्या तासात बांधावरून जाणारं पाणी थांबलं. घळ बांधाच्या पोटापर्यंत गेली होती. आणखी थोडा वेळ लागता तर बांधच गेला असता, आणि त्याच्या मागे चाळीस घरं.

मग सुपडू खाली धावला. रंभाबाई खाटेवर उभी होती, पाणी तिच्या मांडीला लागलेलं, एका हातात श्रीपतचा फोटो. मशीन पाण्यात बुडालं होतं. सुपडूने तिला पाठीवर घेतलं. ती सारखी म्हणत होती, "जपून बापा, तुमाले लागलं दिसते." त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. रंभाबाईच्या पायाला पत्रा कापला होता, ती जखम महिनाभर चिघळली. लाइनीतल्या कोणाचं धान्य गेलं, कोणाच्या पोराची पुस्तकं गेली, एक भिंत बसली. जीव कोणाचा गेला नाही.

त्यानंतर तो सत्कार. मंडळाचा अध्यक्ष पंडित भाषणात म्हणाला की अशी माणसं आहेत म्हणून आपण आहोत. सुपडू खाली मान घालून उभा होता. लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस.

घरी आल्यावर कलाबाई हळूच म्हणाली, "कोनले सांगू नको. कानबाईना साठे करं तू. ती समजी लेई." देवी समजून घेईल हे सुपडूलाही वाटत होतं. रंभाबाईच्या मशीनचं काय, हे त्याला समजत नव्हतं.

आठवड्याने वृषाली मोजमाप घ्यायला आली. दोन दिवस ती बांधावर टेप लावत होती, वहीत आकडे मांडत होती, खोडत होती. शेवटी ती सुपडूच्या शेजारी दगडावर बसली. "काका, मला कळतच नाही. एवढ्या पावसात बांधावरून पाणी जायला नकोच होतं. दोन हात जागा उरायला पाहिजे होती. साहेब म्हणतात सांडवाच अरुंद बांधलाय, त्यात कचरा अडकला, वस्तीत असला मातीचा बांध नकोच, तोडून सपाट करू." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "साचं सांगा हं, व्हॉल्व्ह उघडा होता ना?"

"हो," सुपडू म्हणाला.

इतकं पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. वृषालीने वहीत 'व्हॉल्व्ह उघडा' असं लिहिलं. पोती टाकली तेव्हा सुपडूला लाज वाटली नव्हती, शाल घेताना वाटली, पण ते दोन शब्द वहीत उमटताना पाहून त्याला जी लाज वाटली तिला तोड नव्हती. पोरीच्या वयाची पोरगी, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपले बरोबर असलेले आकडे खोडत होती. आणि बांध जाणार होता. त्याचा गुन्हा बांधाच्या माथी गेला होता, आणि शिक्षा खालची लाइन भोगणार होती. पुढच्या आषाढात ओहोळ थेट रंभाबाईच्या दारात येणार, अडवायला कोणी नाही.

तरी तो गप्प राहिला. एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. माणसाची जीभ अशा वेळी किती जड होते, भिजलेली चिंधी तिच्यापुढे काहीच नाही.

मग एके दुपारी रंभाबाई लंगडत त्याच्या दारात आली. काखेत एक गाठोडं. "सुपडूभाऊ, हे तुमच्यासाठी." तिने उलगडलं. गोधडी होती. पोपटी, काठाला सोनेरी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाची.

"पुराच्या पाण्यानं दारात आनून टाकली बापा ही चिंधी, ढीगच्या ढीग. नवी कोरी. कोनाच्या दुकानातून वाहून आली कोनास ठाऊक. चार येळा धुतली मी. मशीन तं गंजलं, हातानंच टाके घातले. काही जाग्यावर वाकडे आले, पाहू नका. तुमी मले पाठीवर नेलं, मी दुसरं काय देऊ?"

कलाबाई आतून पाणी घेऊन आली आणि गोधडी पाहून तांब्यासकट उंबऱ्यातच थबकली. सुपडूने गोधडी हातात घेतली, कारण न घेऊन करतो काय. टाके बारीक होते, वाकडे कुठेच नव्हते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या मांडवात बैठक होती. खात्याचे साहेब आले, वृषाली आली. वरच्या सोसायटीचे लोक पुढच्या खुर्च्यांवर, लाइनीतले मागे उभे. साहेबांनी सांगितलं, बांध धोक्याचा ठरलाय, पाऊस संपला की तोडायचा. पुढच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून धुडकूने विचारलं, "मंग पानी कोठे थांबी?" पक्कं गटार होईल, साहेब म्हणाले. कधी, असं धुडकूने विचारलं, तेव्हा साहेबांनी पुढचा कागद काढला.

सुपडू उठला. गोधडी त्याने घरातून कापडी पिशवीत घालून आणली होती. ती त्याने साहेबांच्या टेबलावर पसरली. एक कोपरा टेबलाखाली लोंबत राहिला.

"साहेब, सांडव्यात कचरा नव्हता," तो म्हणाला. "पोती होती. बारा. या चिंधीची. मी टाकली होती."

पंडित हसला. "सुपडूभाऊ, काय मजाक करता? तुम्ही तर काढत होता!"

"टाकली होती म्हणून काढत होतो."

कोणाच्या कचऱ्यात सगळ्या चिंध्या एकाच रंगाच्या नसतात, हे कापडाच्या गावात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. सुपडू बोलत राहिला, कानबाई, कंबरभर पाणी, शुक्रवार, सगळं. मागे कलाबाईने पदर तोंडावर ओढला. साहेब लालबुंद झाले. वृषालीने मात्र वही उघडली आणि एक-एक विचारायला लागली, बायकांनी भाजीवाल्याला विचारावं त्यापेक्षाही कोरडेपणाने. थर किती? उंची किती? कधीपासून?

"आणि व्हॉल्व्ह?"

"बंद. शुक्रवारपासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला, काका."

"हो. विचारलं होतं, ताई."

तिने त्या दोन शब्दांचं पान शोधलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, मग बांध बरोबर आहे. माझा हिशोबही बरोबर होता." सुपडूकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

रंभाबाई काठी टेकत पुढे आली. तिने गोधडीच्या लोंबणाऱ्या कोपऱ्याला हात लावला, आपले टाके चाचपले. सुपडूला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. "चार येळा धुतली मी," ती एवढंच म्हणाली, स्वतःशीच, आणि वळून मांडवाबाहेर गेली. गोधडी तिने नेली नाही. बैठक उठली, खुर्च्या आवरल्या, तरी ती टेबलावर तशीच पडलेली. शेवटी सुपडूलाच ती घडी करून घरी न्यावी लागली, सगळ्यांच्या देखत.

बांध राहिला. घळ भरून रोलर फिरवला, दबलेली पायवाट उंच करून तारेचं कुंपण घातलं. सुपडूची नोकरी गेली, ती जाणारच होती. त्याच्या जागी धुडकूला घेतलं. शाल परत करायला सुपडू पंडितकडे गेला, तर पंडितने दार उघडलं नाही. फोटोची फ्रेम त्याने स्वतःच काढली. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला, आणि जेवताना त्याच्याकडे पाठ करायची सवयही राहिली.

एक काम त्याने केलं. रंभाबाईच्या दारात जाऊन तिचं गंजलेलं मशीन ओट्यावर मागितलं. तिने मशीन बाहेर ठेवलं. रोज सकाळी तो जायचा, रॉकेलने एकेक भाग धुवायचा, घासायचा, तेल द्यायचा, आणि ती आत बसून हाताने फॉल लावायची. एक महिना हे चाललं. एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही. मशीन सुरू झालं ते त्याला रस्त्यावरून जाताना आवाजावरून कळलं.

पुन्हा श्रावण आला. कलाबाई म्हणाली, औंदा लांब तापीवर जाऊ, इथे कोण आपल्याला उभं करेल? सुपडू म्हणाला, तळावडीवरच जाऊ. सोमवारी ती दोघं निघाली. मागे बायका होत्या, पण थोड्या, आणि वाजंत्री नव्हती. तळावडीत पाणी तांबड्या रेघेच्या खाली, घोटाएवढं. कलाबाई चिखलात जपून उतरली, खाली बसली आणि ओंजळीने कानबाईच्या पायांवर पाणी घातलं. या वेळी कोणी हसलं नाही.

आभाळ मात्र वरच्या अंगाला काळं झालं होतं. खालच्या लाइनीतली माणसं दारात येऊन आभाळाकडे आणि बांधाकडे बघत होती. रंभाबाई आपल्या ओट्यावर काठी धरून उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा तिने सुपडूला हाक मारली, अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल अशी.

"सुपडूभाऊ! व्हॉल्व्ह उघडा हाय ना?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो आता चौकीदार नव्हता. तरीही सकाळपासून तो दोनदा जाऊन चाकाला हात लावून आला होता, आणि व्हॉल्व्ह उघडा होता हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. 'हो' अगदी ओठांवर आलं.

"थांबा," सुपडू म्हणाला, "बघून येतो, मग सांगतो." आणि धोतराचा सोगा खोचून तो बांधाकडे चालू लागला.